बाविसाव्या रांगेतली काच

विमानाच्या खिडकीला आपण काच म्हणतो, पण ती काच नसतेच. ते असतं जाडजूड प्लॅस्टिक, आणि स्वभावाने फार हळवं. ऊन, बर्फ, धूळ आणि हजारो तासांचा वारा खाऊन ते हळूहळू आंधळं होतं. मग कुणाला तरी ते परत डोळस करावं लागतं. विमानतळामागच्या त्या मोठ्या शेडमध्ये हे काम सत्तावीस वर्षं भिंगमावशी करत होती.

तिचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं होतं. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग, त्यावरून ती सगळ्यांची भिंगमावशी झाली होती. घरी भाजी निवडतानासुद्धा ते भिंग गळ्यात असायचं. नवरा म्हणायचा, "बघायला आलो होतो तेव्हा हे लावून बघितलं असतंस, तर नकार दिला असतास." मावशी म्हणायची, "अजून वेळ गेलेली नाही." पस्तीस वर्षांच्या संसारात हा विनोद हजार वेळा तरी झाला असेल, आणि दोघंही दर वेळी हसायचे.

शेडच्या कोपऱ्यात तिचा बाक होता. लांबलचक टेबल, वर पांढरा दिवा, शेजारी पाण्याची बादली आणि भिंतीवर खरखरीतपासून मऊपर्यंत ओळीने टांगलेले पॉलिश पेपर. विमान दुरुस्तीला आलं की खिडक्यांच्या बाहेरच्या काचा उतरवून या बाकावर यायच्या. पाणी सोडत सोडत घासायचं, एकेक पेपर बदलत जायचं, शेवटी मऊ फडक्याने लेप चोळायचा, जाडी मोजायची आणि सही करून काच परत पाठवायची. मावशीच्या हाताखाली दोघं होते. एक दाढीवाला, पन्नाशीचा, दिवसभरात चार वाक्यं बोलणारा. आणि दुसरी जुळ्यांची आई, जी उरलेली सगळी वाक्यं बोलायची. तिघांचं छान चाललं होतं.

नियमाच्या पुस्तकात लिहिलं होतं की केसाएवढा बारीक ओरखडा राहिला तरी चालेल. मावशीला ते चालत नव्हतं. पुस्तक लिहिणारा कधी बाकावर उभा राहिला होता का, असं ती विचारायची. "आमच्या बाकावरून ओरखडा बाहेर जात नाही," हे ती नव्या साहेबांना, जुन्या साहेबांना, पाहुण्यांना आणि एकदा तर चुकून आत आलेल्या टपालवाल्यालाही सांगून झाली होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि काचेवर रेघ राहू द्यायची नाही, असा सगळा कारभार होता.

त्या हिवाळ्यात कंपनीने एक नवीन टूम काढली. रात्रीचं विमान उत्तरेला न्यायचं, आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसतो तिथे दोन घिरट्या घालायच्या, आणि पहाटे लोकांना परत आणून सोडायचं. कुठे उतरायचंबितरायचं नाही. लोक खिडकीला कॅमेरे लावून बसत आणि हिरवं आकाश टिपून आणत. तिकिटं हातोहात खपत होती. आणि मग तक्रारी आल्या.

मुख्य इंजिनिअर साहेबांनी मावशीला वर बोलावून घेतलं. साहेब तिच्या थोरल्या मुलीच्या वयाचे, हुशार, आणि वाईट बातमी सांगताना चष्मा पुसायची सवय असलेले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला तेव्हाच मावशीच्या लक्षात आलं.

"मावशी, बाविसावी रांग, डावी खिडकी. काच तुमची आहे?"

"माझीच. मागच्या वर्षी केली. का?"

"त्या खिडकीतून फोटो काढला की तारे दुभंगतात. एकाच्या जागी दोन दिसतात."

"हात हलला असेल त्याचा."

"एकाचा हलेल. तिघांनी लिहिलंय, तीन वेगवेगळ्या रात्री." साहेबांनी चष्मा दिव्यासमोर धरला. "वरून विचारणा झालीय, की घासून वापरण्यापेक्षा सगळ्या काचा नव्याच का घेऊ नयेत. मग बाकाची गरज नाही. तुम्हाला भांडारात घेता येईल. दाढीवाल्यांना सामानाच्या गाड्यांवर. तिसऱ्या बाईंना रात्रपाळीला, केबिन सफाईत."

जुळी चार वर्षांची होती. रात्रपाळी म्हणजे त्या बाईला नोकरी सोडावीच लागणार. दाढीवाल्याची कंबर तर टेबलावरची काच उलटी करतानाही कुरकुरायची. सामानाच्या गाड्या त्याने कशा ओढल्या असत्या? मावशीच्या डोक्यात हे सगळं एका क्षणात आलं, आणि त्याच्यामागून राग आला. राग पुढे गेला आणि बोलून मोकळा झाला.

"साहेब, हातच्या काकणाला आरसा कशाला? मला बसवा त्या खिडकीत. मी फोटो काढून आणते. तारा फुटलेला निघाला, तर बाकाला कुलूप मी माझ्या हाताने लावीन. नाही निघाला, तर बाक राहील. बोला."

साहेबांना स्पष्ट परीक्षा आवडायच्या. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाले, "ठरलं."

खाली येऊन तिने दोघांना सांगितलं. जुळ्यांच्या आईने हातातलं फडकं बाकावर ठेवलं. दाढीवाल्याने त्या दिवशीचं पहिलं वाक्य उच्चारलं. "मावशी, पैज आमच्या नोकरीवर लावलीत. आम्हाला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? काच आपली आहे," मावशी म्हणाली आणि पेपर भिजवायला घेतला. त्याने पुढची काच उचलून पाण्याखाली धरली.

आता कॅमेऱ्याचा प्रश्न. मावशीचा धाकटा जावई लग्नामुंजीचे फोटो काढायचा. सासूबाई आपल्याकडे शिकायला येताहेत म्हटल्यावर त्याला आकाश ठेंगणं झालं. इतकी वर्षं तीच त्याला शिकवत आली होती, अगदी चपला कुठे काढाव्यात इथपासून.

"आई, तीनच गोष्टी लक्षात ठेवा," त्याने खोलीतले दिवे मालवून सांगितलं. "एक, डोक्यावरून काळं कापड घ्यायचं, खिडकीपर्यंत, म्हणजे आतला उजेड काचेत दिसणार नाही. दोन, दोन सेकंद श्वास रोखायचा. तीन, लेन्सवरचं हे कडं लांबच्या खुणेवर ठेवायचं आणि त्याला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही."

"एवढंच? मग तू लोकांकडून एवढे पैसे कसले घेतोस?"

जावई बिचारा हसला. मावशीने चार रात्री गच्चीवरून लांबच्या खांबांवरच्या दिव्यांचे फोटो काढले. सत्तावीस वर्षं काच घासलेला हात. तो दोन सेकंद काय, दोन मिनिटंही हलला नसता. खांबावरचे दिवे टाचणीच्या टोकासारखे आले. जावयाने मान्य केलं की हात असावा तर असा.

विमानात बसण्याची तिची ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा मधली सीट मिळाली होती. आयुष्यभर खिडक्या केल्या आणि खिडकीत कधी बसायला मिळालं नाही, हे तिला आता सुचलं आणि स्वतःचंच हसू आलं. शेजारच्या सीटवर निवृत्त मास्तर होते, कानटोपी घातलेले. मावशीने बसल्या बसल्या भिंग डोळ्याला लावून खिडकी तपासायला सुरुवात केली, तेव्हा मास्तर काळजीने म्हणाले, "बाई, काही तडाबिडा गेलाय का?"

"काच माझी आहे," मावशी म्हणाली. मास्तरांनी कमरेचा पट्टा आणखी आवळला.

अडीच तासांनी केबिनमधले दिवे मालवले. वैमानिकाने सांगितलं, डाव्या बाजूला बघा. सगळ्या विमानातून एकदम "आहाहा" असा आवाज आला. मावशीने डोक्यावर काळं कापड ओढलं, कॅमेरा खिडकीशी नेला, आणि फोटो काढू लागली. एक, दोन, पाच, दहा. मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तारे नव्हतेच. नुसता हिरवा चिखल होता. आणि त्या चिखलावर, स्वच्छ, रेखीव, एकेक कण मोजून घ्यावा असं, आतल्या काचेवरचं बारीकसं बर्फाचं नक्षीकाम आणि सफाईवाल्याच्या फडक्याचे तीन ओरखडे.

क्षणभर तिला कळेना. मग कळलं आणि कापडाखाली ती स्वतःवरच चिडली. लांबच्या खुणेवर ठेवलेलं कडं तिने, हात लावू नका म्हटलेलं असताना, नकळत फिरवलं होतं. डोळ्याला स्पष्ट दिसेपर्यंत फिरवलं होतं. आणि तिच्या डोळ्याला स्पष्ट दिसायला हवं ते काय, तर काच! सत्तावीस वर्षं जो डोळा काचेवर येऊन थांबत होता, तो आज पलीकडे गेलाच नाही. सगळं विमान आकाश बघत होतं आणि ही बाई सफाईवाल्याचे ओरखडे मोजत होती.

"जावईबापू, तुमचंच खरं," ती पुटपुटली. कडं खुणेवर आणलं, जावयाने दिलेली चिकटपट्टी त्यावर लावून टाकली, आणि श्वास रोखला.

या वेळी आकाश आलं. हिरवा पडदा वर जाताना किंचित गुलाबी होत होता आणि त्याच्या मागे तारे. मावशीने फोटो मोठा करून वरच्या कोपऱ्यापासून तपासायला घेतला. टाचणीचं टोक. टाचणीचं टोक. टाचणीचं टोक. तिचा जीव भांड्यात पडला. ती खाली उजवीकडच्या कोपऱ्यात आली. तिथे तारे दोन दोन होते.

हात हलला असता तर सगळ्याच ताऱ्यांचे फराटे उमटले असते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने कॅमेरा चार बोटं वर घेतला. सगळे तारे नीट. परत खाली आणला. त्याच जागी दोन दोन. डावीकडून, उजवीकडून, पंधरा वेळा करून बघितलं. काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, रुपयाएवढ्या जागेत, दोष होता. आतल्या काचेचा म्हणावा, तर ती थोडी सैल होती. तिने ती बोटाने सरकवून बघितली. दोष जागचा हलला नाही. तो बाहेरच्या काचेत होता. तिच्या काचेत.

आणि मग तिला तो दिवस आठवला. याच कोपऱ्यात एक ओरखडा होता, केसाएवढा. पुस्तकाप्रमाणे तो चालला असता. दाढीवाला म्हणालासुद्धा होता, सोडा मावशी. पण मावशी कसली सोडते! ओरखडा निघेपर्यंत तिने तेवढीच जागा घासली, घासली, घासली. जाडी मोजली तेव्हा ती नियमात होती. काच चकाकत होती. पण त्या जागी एक उथळ खळगा पडला होता, बशीच्या पोटासारखा. माणसाच्या डोळ्याला तो कधीच दिसला नसता. ताऱ्यांना दिसला.

अति तिथे माती, असं ती जुळ्यांच्या आईला लेप जास्त लावला की रोज ऐकवायची. स्वतःला कधी ऐकवलं नव्हतं.

कापडाखाली अंधारात बसून तिने सरळ हिशेब मांडला. काचेच्या वरच्या भागातून काढलेले नऊ फोटो उत्तम होते. साहेबांपुढे त्यातला एक ठेवला की बाक वाचला. दाढीवाल्याची कंबर वाचली, जुळ्यांची आई घरी झोपायला गेली. खोटंही नव्हतं, फोटो याच खिडकीतून, याच काचेतून काढलेला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. कॅमेरा चार बोटं वर धरला होता, हे विचारणार कोण?

हा विचार तिला आला, आणि चांगला दहा मिनिटं बसून राहिला. ती काही देवमाणूस नव्हती. पण त्या दहा मिनिटांत तिला दुसरी एक गोष्ट पक्की समजली. उद्या फोटो बघून साहेब खूश होतील, काच इथेच राहील, आणि चौथा माणूस तक्रार लिहील. त्या दिवशी तिच्याकडे उत्तर नसेल. आज होतं. काच कशामुळे बिघडली, हे या विमानातच नव्हे, तर सगळ्या कंपनीत फक्त तिला माहीत होतं. याची तिला लाज वाटायला हवी होती. लाज वाटलीच, पण लाजेच्या शेजारी, कुणाला सांगता येणार नाही असा, थोडा अभिमानही वाटला.

तिने डोक्यावरचं कापड काढलं. "मास्तर, या, इकडे बसा. माझं झालं."

मास्तर खिडकीत गेले आणि कानटोपी काढून बसले. त्यांच्या खांद्यावरून मावशीनेही बघितलं. कॅमेऱ्याशिवाय, भिंगाशिवाय. फोटोत होता तेवढा हिरवा रंग नव्हता, फिकट होता, पण हलत होता. सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. तिला फार बरं वाटलं. ती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने साहेबांच्या टेबलावर दोन फोटो ठेवले.

"हा काचेच्या वरच्या भागातून. हा खालच्या कोपऱ्यातून."

साहेबांनी पहिला बघितला, मान डोलावली. दुसरा बघितला आणि हात आपोआप चष्म्याकडे गेला.

"पुसू नका साहेब, चष्मा ठीक आहे तुमचा. तारे फुटलेलेच आहेत. तक्रार खरी होती. चूक काचेची नाही, पेपरची नाही, माझ्या जोडीदारांची तर मुळीच नाही. ओरखडा काढायच्या हट्टापायी मी एकाच जागी जास्त घासलं. खळगा पडला." तिने एक दम घेतला. "शब्द दिला होता, तो दिला होता. कुलूप मी लावते. पण त्याआधी आणखी सहा काचा उतरवून घ्या."

"कुठल्या सहा?"

"याच विमानात नववी रांग डावी, एकतिसावी उजवी. आपल्या दुसऱ्या, मोठ्या विमानात चार आहेत. तिसरी, चौदावी, पंधरावी डावीकडे, आणि शेवटून दुसरी उजवीकडे. त्या प्रत्येकीवर मी असाच हट्ट केला होता."

साहेब लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले. "या सहांबद्दल तक्रारी आल्यात?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

"येतील म्हणून. आणि उद्या मी नसले तर तुम्हाला सांगणार कोण?"

साहेबांनी यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "नव्या काचा विकणारे लोक मागच्या आठवड्यात इथे बसले होते, तुमच्याच खुर्चीत. मी त्यांना विचारलं, तुमच्या कुठल्या काचेत दोष असू शकतो? म्हणाले, आमच्या काचेत दोष नसतोच."

"असं मीही म्हणायची," मावशी म्हणाली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "मावशी, पैज तुम्ही हरलात. पण कुलूप लावायचं की नाही ते मी ठरवणार. त्या सहा आणि ही सातवी उतरवा. ज्यात जाडी उरली असेल तिची सगळी पाठ समान घासून काढा, नसेल ती फेकून द्या. आणि यापुढे काच नुसत्या डोळ्याने पास करायची नाही."

"त्याचा विचार केलाय मी. शेडच्या पार टोकाला काळा फळा लावायचा, त्याला टाचणीने भोकं पाडायची, मागे दिवा. काच मधे धरायची आणि बाकावरून कॅमेऱ्याने बघायचं. भोकं दुभंगली, की काच परत. कॅमेरा जावई देईल."

"म्हणजे विचार करूनच आला होतात."

"विमान उतरायला अजून दोन तास होते साहेब. करणार काय दुसरं?"

ती जिना उतरून खाली आली तेव्हा दोघंही काम सोडून उभे होते. दाढीवाल्याने फडकं हातात पिळून पिळून कोरडं केलं होतं. जुळ्यांच्या आईने विचारलं, "मावशी, जिंकलो का आपण?"

"मी हरले," मावशी म्हणाली. "काच माझ्याच हाताने बिघडली होती." ती दाढीवाल्याकडे वळली. "तू सोडा म्हणाला होतास. मी ऐकलं नाही. आणि तुमच्या नोकऱ्या पैजेला लावल्या, तेही न विचारता. चुकलं माझं."

असं वाक्य त्या बाकावर सत्तावीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. जुळ्यांच्या आईच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"आणि बाक?" दाढीवाल्याने विचारलं.

"बाक राहिला. चल, शिडी घे. बाविसाव्या रांगेपासून सुरुवात करू."